पॅरिसचे कांस्य आणि मधे बदललेला नियम

टोकियोत रौप्य, पॅरिसमध्ये कांस्य. ब्राझीलच्या रायसा लेआल या स्ट्रीट (जिने-कठड्यांवरच्या प्रकारातल्या) स्केटबोर्डरची कारकीर्द नुसत्या पदकतालिकेवरून पाहिली, तर तेराव्या वर्षी चमकलेली मुलगी सोळाव्या वर्षी एक पायरी खाली आली, असेच कुणालाही वाटेल. दोन ऑलिंपिकच्या मधे गुण मोजण्याची रीतच बदलली, हे तालिकेत कुठे दिसत नाही.

महिलांच्या व्यावसायिक स्केटबोर्डिंगची सुरुवात १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. स्ट्रीट प्रकारात मात्र एखाद्या महिलेला व्यावसायिक म्हणून मान्यता मिळायला १९९८ उजाडले. त्यानंतरही बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या मानाने किरकोळ होती. खेळाडूंनी बहिष्काराचा इशारा दिला, भांडून मागण्या मान्य करून घेतल्या, तेव्हा कुठे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत रक्कम सारखी झाली. स्ट्रीटच्या प्रमुख व्यावसायिक लीगने महिलांचे अजिंक्यपद सुरू केले ते २०१५ मध्ये.

त्याच वर्षी ईशान्य ब्राझीलमधल्या इम्पेरात्रिस शहरातल्या रायसाची चित्रफीत जगभर फिरली. वय सात, अंगात परीचा निळा पोशाख, पाठीला पंख. पायऱ्यांवरून उडी घेताना तिने टाचेच्या फटक्याने फळी हवेत फिरवली आणि पुन्हा फळीवरच उतरली. या ट्रिकला हीलफ्लिप म्हणतात. तेव्हापासून ती ‘फादिन्या’, म्हणजे छोटी परी. २०१९ मध्ये, अकराव्या वर्षी, तिने लॉस एंजेलिसमध्ये लीगची स्पर्धा जिंकली.

टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. प्रत्येक खेळाडूला ४५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि सुट्या ट्रिकचे पाच प्रयत्न होते. या सातपैकी सर्वोत्तम चार गुण धरायचे, प्रत्येक दहापैकी. म्हणजे फेरी पूर्ण फसली तरी पदक मिळू शकत होते. हे नुसते कागदावर नव्हते. पुरुषांच्या विजेत्याचे ३७.१८ गुण चारही सुट्या ट्रिकचे होते, त्याची एकही फेरी हिशेबात आली नाही. महिलांमध्ये सुवर्ण १५.२६ गुणांवर गेले, तर फादिन्याचे रौप्य १४.६४ वर.

यावर आक्षेप आला तो असा की, सबंध मैदान वापरून, वेगाचा तोल सांभाळत सलग ४५ सेकंद खेळण्याला काहीच किंमत उरत नाही. त्यातून पॅरिसची पद्धत आली. एक सर्वोत्तम फेरी धरलीच पाहिजे, तिच्या जोडीला दोन सर्वोत्तम ट्रिक, प्रत्येकी शंभरपैकी. पूर्वी वगळता येणारी फेरी आता एक तृतीयांश निकाल ठरवू लागली.

२८ जुलै २०२४ ला पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्द चौकातल्या अंतिम सामन्यात याचा परिणाम आकड्यांत दिसला. सुवर्ण जिंकणारी १४ वर्षांची जपानी मुलगी दोन्ही बाजूंनी भक्कम होती: फेरीचे ८६.८०, ट्रिकचे ८९.४६ आणि ९६.४९, एकूण २७२.७५. फळीला हवेत गिरकी आणि पलटी एकदमच द्यायची, ती कठड्याच्या दांड्यावर (रेलवर) आडवी बसवायची आणि तशीच घसरत खाली उतरायचे, ९६.४९ गुण त्या ट्रिकला होते. तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा. दुसऱ्या जपानी खेळाडूच्या ट्रिक ९२.६२ आणि ८४.०७ च्या, फादिन्याच्या ९२.८८ आणि ८८.८३ च्या. ट्रिकपुरते पाहिले तर फादिन्या पाच गुणांनी पुढे. पण फेरीत तिकडे ८९.२६ आणि इकडे ७१.६६. रौप्य गेले ते तिथे.

नियम अन्यायकारक होता, असे म्हणता येणार नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत शारजात ती जगज्जेती झाली ती याच पद्धतीने. तरीही स्ट्रीट हा प्रकार वाढला तो शहरातल्या जिन्यांवर, कठड्यांवर. एकच अवघड जागा धरायची, जमेपर्यंत पडत राहायचे, ही त्याची रीत. ठरलेल्या वेळेची फेरी स्पर्धेने आणली. निकालाचा तिसरा हिस्सा तिच्या हाती देणे मला जास्त वाटते, आणि पॅरिसच्या कांस्याला ‘घसरण’ म्हणणे तर साफ चूक.

लीगमध्ये तशी घसरण दिसतही नाही. २०२२ मध्ये रिओत, २०२३ मध्ये साओ पाउलोत आणि पॅरिसनंतर काही महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, पुन्हा साओ पाउलोत तिने सलग तिसरे अजिंक्यपद जिंकले.