चाळीस अक्षरांची ओळ, १८४ बाइटांचं पाकीट

‘टीव्ही डिजिटल झाला आणि टेलिटेक्स्ट संपलं.’ परवा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका विज्ञान कट्ट्यावर इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं हे ठामपणे सांगितलं आणि बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. टेलिटेक्स्ट म्हणजे टीव्हीच्या सिग्नलसोबतच येणारी, रिमोटनं उघडायची मजकुराची पानं. ती संपली ही समजूत चुकीची आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या वाहिन्या उपग्रहावरून, अगदी एचडी चित्रासोबतसुद्धा, टेलिटेक्स्टची पानं रोज पाठवतात. पान १०० वर मुख्य बातम्या, पुढे हवामान, खेळ, विमानांच्या वेळा. काळ्या पडद्यावर रंगीत, जाडीभरडी अक्षरं. आपल्या रिमोटवरची लाल, हिरवी, पिवळी, निळी बटणं मुळात याच पानांवरून उड्या मारण्यासाठी आली.

सुरुवात बीबीसीच्या ‘सीफॅक्स’नं केली, २३ सप्टेंबर १९७४ रोजी. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र रेखत तळापर्यंत जायचा आणि पुन्हा वर यायचा. परत येण्याच्या त्या क्षणात काही ओळी कोऱ्याच जात. ६२५ ओळींपैकी चित्राच्या कामी येत ५७५ च्या आसपास. उरलेल्या कोऱ्या ओळींपैकी काहींवर अभियंत्यांनी मजकूर बसवला. वेगळी वारंवारता नको, वेगळा मनोरा नको.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपण रिमोटवर ३०१ दाबतो तेव्हा टीव्ही कोणालाच काही विचारत नाही. सगळी पानं रहाटगाडग्यासारखी एकामागून एक येतच असतात. टीव्ही फक्त ३०१ क्रमांकाचं पान येण्याची वाट बघतो आणि ते उचलतो. म्हणून जुन्या काळी थांबावं लागे. जुना टीव्ही एक चित्र दोन अर्ध्या भागांत रेखायचा. दर अर्ध्या चित्रामागे दोन ओळी, सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं, म्हणजे सेकंदाला १०० ओळी. पान २४ ओळींचं. शंभर पानांची एक फेरी व्हायला साधारण २४ सेकंद. आजचे टीव्ही येणारी पानं आधीच साठवून ठेवतात, त्यामुळे थांबणं जवळपास संपलं. पण तत्त्व तेच. वाचणारा एक असो की एक कोटी, पाठवणाऱ्याचा खर्च तेवढाच, आणि कोण काय वाचतंय हे त्याला कळतच नाही.

मग डिजिटलमध्ये हे टिकलं कसं? डिजिटल चित्रात परत जाणारा झोत नाही, कोऱ्या ओळी नाहीत. ज्या फटीत टेलिटेक्स्ट राहत होतं ती फटच बुजली. इथे डीव्हीबी या युरोपच्या डिजिटल प्रसारण मानकात जे केलं गेलं, ते मला अभियांत्रिकीतलं एक फार सुंदर काम वाटतं. थोडं आकडेमोडीचं आहे, पण वाचाच.

जुनी टेलिटेक्स्टची एक ओळ ४५ बाइटांची (बिट म्हणजे एक ० किंवा १, आणि आठ बिटांचा एक बाइट). पहिले दोन बाइट म्हणजे नुसतं १०१०१०१०, कारण टीव्हीतल्या घड्याळाला येणाऱ्या बिटांच्या तालावर यायला थोडा अवधी लागतो. तिसरा बाइट १११००१००: ‘आता खरा मजकूर सुरू’ अशी खूण. यातला एखादा बिट बिघडला तरी ओळखता यावी अशीच ती निवडलेली. मग दोन बाइट पत्त्याचे: हे कुठल्या शतकातलं पान (१०० चं, २०० चं) आणि पानावरची कितवी ओळ. पत्ता चुकला तर सगळंच चुकणार, म्हणून त्याला हॅमिंग पद्धतीचं संरक्षण: चार बिट माहितीचे, चार राखणीचे, एक बिट उलटला तर आपोआप दुरुस्त. शेवटी ४० बाइट, चाळीस अक्षरं. असे ३६० बिट सेकंदाला ६९,३७,५०० या वेगानं सोडले की सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागतात, आणि पडद्यावरच्या एका ओळीचा दिसणारा भागही तेवढ्याच वेळाचा. चाळीस अक्षरं कुठून आली, ते इथे कळतं.

डिजिटल प्रसारणात चित्र, आवाज, सगळं १८८ बाइटांच्या पाकिटांतून जातं. त्यातले चार बाइट पाकिटाच्या पत्त्याचे, उरले १८४. आता ओळ घ्या. तालावर आणणारे दोन बाइट लागत नाहीत, ते काढले: राहिले ४३. त्यात हा मजकूर कुठल्या जातीचा (साधं पान की सबटायटल) ते सांगणारा एक बाइट, लांबीचा एक, आणि ही ओळ मूळ चित्रात कितव्या रेषेवर बसायची ते सांगणारा एक. झाले ४६. आणि ४६ चोक १८४! एका पाकिटात बरोब्बर चार ओळी, एक बाइट जास्त नाही की कमी नाही. पाकिटांच्या प्रत्येक गठ्ठ्याला सुरुवातीला एक मथळा लागतो, तोही भराव घालून मुद्दाम ४५ बाइटांचा केला आहे, पुढे एक ओळखीचा बाइट. पुन्हा ४६. म्हणजे पहिल्या पाकिटात मथळा आणि तीन ओळी, पुढच्या प्रत्येकात चार.

याचा फायदा सुबकपणापुरता नाही. कुठलीही ओळ दोन पाकिटांत तुटत नाही. वाटेत एक पाकीट हरवलं तर जास्तीत जास्त चार पूर्ण ओळी जातात, अर्धवट काही उरत नाही. प्रत्येक ओळीला स्वतःचा पत्ता असल्यामुळे बाकीच्या आपापल्या जागी बसतात आणि गेलेल्या ओळी पुढच्या फेरीत भरून निघतात.

शिवाय ओळ आतून तशीच ठेवल्यामुळे सेट-टॉप बॉक्सला ती जुन्या टीव्हीच्या सिग्नलमध्ये पुन्हा त्याच रेषेवर टोचता येई, आणि १९८० च्या दशकातल्या टीव्हीचा स्वतःचा डिकोडर पानं दाखवत राही. संपादकांची यंत्रणा तीच, प्रेक्षकांचा टीव्ही तोच, बदलला फक्त मधला रस्ता. एचडीएमआय तारेतून मात्र या ओळी जात नाहीत, तिथे बॉक्सनं किंवा टीव्हीनं स्वतःच पान रेखायचं. तरी एचडीच्या प्रवाहात आजही प्रत्येक ओळीसोबत रेषेचा क्रमांक जातो, त्या चित्रात नसलेल्या रेषेचा!

दर अर्ध्या चित्रामागे १६ ओळी धरल्या तरी हे सगळं सेकंदाला चार लाख बिटांच्या आत बसतं. एचडी चित्र काही दशलक्ष बिट खातं. बंद करून बचत ती किती होणार? ब्रिटननं वेगळा मार्ग घेतला, लाल बटणाची नवी सेवा उभारली आणि २३ ऑक्टोबर २०१२ ला सीफॅक्स थांबवलं. डिजिटलमुळे टेलिटेक्स्ट मरतं ही समजूत बहुधा तिथूनच पसरली.

ही जर्मन पानं नाशिकहून का दिसत नाहीत? ती पाठवणारा, १९.२ अंश पूर्व रेखांशावरचा ॲस्ट्रा उपग्रह आपल्या क्षितिजाच्या वर आहे, पश्चिमेला, सुमारे २५ अंश उंचीवर. पण त्याचे झोत युरोपकडे रोखलेले. आपल्या गच्च्यांवरच्या डीडी फ्री डिश बघतात ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे, म्हणजे आग्नेयेला. यावरूनही ‘आग्नेय ही अग्नीची दिशा, विजेची उपकरणं तिकडेच हवीत, बघा, कंपन्यासुद्धा वास्तुशास्त्र पाळतात’ असं सांगणारे भेटतात. तोच उपग्रह गुवाहाटीतून जवळपास थेट दक्षिणेला दिसतो. ही साधी भूमिती आहे, अग्नीचा काही संबंध नाही.

आपल्याकडे दूरदर्शननं १९८५ मध्ये दिल्लीत ‘इनटेक्स्ट’ सुरू केलं होतं, पण ते घरोघरी रुजलं नाही. नाशिकच्या केबलला डिजिटल होण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती, तेव्हा या सेवेची आठवणही कोणी काढली नाही. देवनागरीची अडचण खरी आहे: मानकातल्या तक्त्यांत लॅटिन, सिरिलिक, ग्रीक, अरबी, हिब्रू आहेत, देवनागरी नाही, आणि जोडाक्षरं एकसारख्या चौकटीत मावत नाहीत. पण वरच्या पातळीच्या टेलिटेक्स्टमध्ये १२ बाय १० ठिपक्यांची स्वतःची अक्षरचित्रं पाठवण्याची सोय आहे. दोन-तीन चौकटी जोडून ‘क्ष’ किंवा ‘स्त्री’ काढता येईल.

मला हे २०२७ च्या सिंहस्थासाठी करून बघावंसं वाटतं. पर्वणीला लाखो फोन एकाच वेळी टॉवरकडे आपापला वाटा मागतात आणि नेटवर्क बसतं. प्रसारणाला गर्दीचा फरक पडत नाही. गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक, होळकर पुलाखाली पाणी किती, कुठला घाट बंद, बस कुठून सुटणार, हे सगळं एका पानाच्या ९६० चौकटींत मावेल. पूर किती चढला ते बघायला गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी गर्दी करण्यापेक्षा धर्मशाळेतल्या टीव्हीवर ते वाचलेलं बरं. धो-धो पावसात केयू बँडचा, म्हणजे डिशवर येणाऱ्या लहरींचा, सिग्नल तुटतो ही मर्यादा आहेच. त्या वेळी डिकोडरनं साठवलेलं शेवटचं पान पडद्यावर राहील. म्हणून प्रत्येक पानावर आकडा घेतल्याची वेळ छापणं सक्तीचं करायला हवं.