जॅझ स्टँडर्ड

जॅझ वाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पाठ असलेले आणि ज्याने त्याने आपल्या रीतीने वाजवावे असे गाणे. यांतली बरीच गाणी मुळात जॅझची नव्हेत. ती १९२० नंतरच्या तीनेक दशकांतल्या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीतिकांतून आणि हॉलीवूडच्या चित्रपटांतून आली. नेहमीचा घाट ३२ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट): आठ बारचा मुखडा दोनदा, मग वेगळ्या वळणाचे आठ बार, मग पुन्हा मुखडा. वादक आधी चाल सरळ वाजवतात. मग खालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, साखळी तशीच फिरत ठेवून प्रत्येक जण तिच्यावर आयत्या वेळी विस्तार करतो आणि शेवटी चालीवर परततो.

सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनाच्या श्रोत्याला यात परके काही वाटणार नाही. दोन बुवा समोरासमोर बसतात. अभंग संतांचा, त्यातला शब्द हलवायचा नाही; चाल मात्र बुवा आपली लावतो, कधी रागातली, कधी सिनेमाच्या गाण्यावरची. पखवाजावर थाप पडते, कोरस झांजा उचलतो, आणि ‘सुंदर ते ध्यान’ अनोळखी चालीत सुरू झाले की सभामंडपातली म्हातारी माणसे मान वर करून बुवाकडे बघतात. फरक आहे तो टिकते काय यात. भजनात शब्द टिकतात आणि चाल बदलते. जॅझमध्ये शब्द बहुधा गळून जातात, चालही मोडते, उरते ती कॉर्डची साखळी. संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘आय गॉट ऱ्हिदम’ (१९३०) या गाण्याच्या साखळीवर पुढे बीबॉप या वेगवान जॅझशैलीच्या वादकांनी कितीतरी नव्या चाली बांधल्या.

पुनर्मांडणी किती दूर जाऊ शकते, याचे उत्तम उदाहरण सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे. १९५९ च्या एका संगीतिकेतले ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे हसरे गाणे त्यांनी पुढच्याच वर्षी सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतले. विस्तारासाठी दोनच कॉर्ड धरून ते तेरा मिनिटांहून अधिक लांबवले. मूळ चाल मधूनमधून परत येते, आणि दर वेळी ती वेगळी वाटते.

नव्या, प्रयोगशील गटाने पहिल्याच अल्बममध्ये स्टँडर्ड घ्यावेत, हे धाडसाचेच आहे. चाल सगळ्यांना ठाऊक असल्याने गटाने काय मोडले आणि काय बांधले, ते लगेच ऐकू येते. लपायला जागा राहत नाही. पियानोवादक थेलोनियस मंक यांना रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीने १९५५ मध्ये आपल्यासाठीच्या पहिल्या अल्बमला नामवंत जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या रचना दिल्या, कारण मंक यांच्या स्वतःच्या रचना लोकांना अवघड वाटत. त्या ओळखीच्या गाण्यांतही मंक यांनी आपल्या मोकळ्या, थांबत्या जागा कायम ठेवल्या. आजचे छोटे गट गिटारचे पेडल, सिंथेसायझर, लूप (पुन्हा पुन्हा फिरवलेला ध्वनिमुद्रित तुकडा) वापरतात. ते सगळे चालते. पण नुसता ठेका बदलून मुखडा जसाच्या तसा वाजवला, तर ती पुनर्मांडणी होत नाही.

कोकणच्या किनाऱ्याने या संगीताला वादक दिले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुले व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकत. कागदावरची चाल बघताक्षणी वाजवणारे हे हात मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडना हवेच होते. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७) ताजमहाल हॉटेलात वाजवत, आणि सी. रामचंद्र यांच्यासोबत काम करून त्यांनी स्विंगचा, म्हणजे जॅझच्या झुलत्या नाचऱ्या लयीचा, ठसका हिंदी चित्रपटसंगीतात आणला. नेउऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी पुढे सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ एकत्र बांधले.