नवी व्यावसायिक फुटबॉल लीग

नवी व्यावसायिक फुटबॉल लीग : गुंतवणूकदारांच्या भांडवलावर उभी केलेली, पगारी खेळाडूंची नवी स्पर्धा. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी फुटबॉलवेड्यांपुढे ती 2014 मध्ये इंडियन सुपर लीगच्या रूपाने आली. अशी लीग टिकेल का आणि टिकली तर पैसा मिळवील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पगार, प्रवास, मैदान आणि प्रक्षेपण यांचा खर्च पहिल्याच दिवशी सुरू होतो. प्रेक्षकाला मात्र संघ आपला वाटायला वर्षे जातात. तोवर मालक किती तोटा सोसतो, यावर लीगचे आयुष्य ठरते. अमेरिकेतील नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये 1975 साली न्यूयॉर्क कॉसमॉसने पेलेला आणले आणि गर्दी लोटली. पण तो थाट बाकीच्या संघांना पेलला नाही आणि 1984 नंतर लीग संपली. 1996 मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरने यातून धडा घेतला. खेळाडूंचे करार लीगने स्वतःकडे ठेवले व पगारावर मर्यादा घातली. तरीही 2001 च्या हंगामानंतर फ्लोरिडातील दोन संघ बंद करावे लागले. मोजक्या धनिकांनी एकाहून अधिक संघांचा भार वाहिला म्हणून ती तगली. पुढे नव्या संघाचे प्रवेशशुल्कच मोठे उत्पन्न झाले : 2007 मध्ये उतरलेल्या टोरँटोने 1 कोटी डॉलर मोजले, तर 2023 मध्ये सॅन दिएगोसाठी 50 कोटी ठरले. तिकीटविक्रीपेक्षा संघाची वाढती किंमत ही मालकाची खरी मिळकत असते.

भारतात 8 संघांनी सुरुवात झाली. आधार होता 2010 च्या कराराचा : व्यावसायिक हक्कांसाठी आयएमजी-रिलायन्सकडून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला 15 वर्षांत 700 कोटी रुपये. मुदत संपत आली तेव्हा 2025-26 चा हंगाम अडला. एफसी पुणे सिटी हा संघ त्याआधीच, 2019 मध्ये बंद पडला होता. संपूर्ण लीग एकाच करारावर उभी करणे ही या रचनेतील मोठी चूक होय.

बेळगावात छावणी आणि मिशनरी शाळांमुळे फुटबॉल जुना. सेंट पॉल्स शाळा 1856 ची. पलीकडे कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ पेठांच्या जिवावर उभे आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठ आपल्या संघासाठी येते, कोणा नामवंत परदेशी खेळाडूसाठी नव्हे. नवी लीग जाहिरातीवर अफाट खर्च करून जी आपुलकी विकत घेऊ पाहते, ती येथे तालमीने आपसूक दिलेली आहे. मात्र तालमीच्या फुटबॉलवर खेळाडूचे घर चालत नाही. नोकरी सांभाळूनच खेळावे लागते.

तालमीची आपुलकी आणि लीगचा पैसा या दोहोंची सांगड घालण्यात राज्यसीमा आड येते. बेळगावचा खेळाडू कर्नाटक राज्य संघटनेखाली, कोल्हापूरचा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखाली, गोव्याचा गोवा संघटनेखाली. बेळगावच्या प्रेक्षकासाठी आपल्या राज्याचा बेंगळुरू एफसी सुमारे 500 किलोमीटरवर. एफसी गोवाचे फातोर्डा मैदान मात्र घाट उतरला की आलेच. लीगच्या नकाशात हा सलग प्रदेश तीन तुकड्यांत विभागलेला आहे.