पाळीव पोपटाची दांडी

दांडी : पोपटवर्गीय पाळीव पक्ष्याला बसता, झोपता, खाता आणि पिसे साफ करता यावीत म्हणून पिंजऱ्यात किंवा स्टँडवर बसवलेली फांदी, काठी, दोर वा फळी. पिंजऱ्यातला पोपट दिवसाचे बहुतेक तास आणि सारी रात्र पायांवर काढतो, त्यामुळे दांडी चुकीची असेल तर पहिला त्रास तळव्यांना होतो. तो महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पक्ष्याचा तळवा उलटा करून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. फांदीला चिमट्यासारखी पकड घेण्यासाठी ही रचना उत्तम आहे. रानात पोपट दिवसभरात बारीक डहाळी, जाड फांदी, खोडाचा उतार, ढोलीचा काठ अशा नाना पृष्ठभागांवर वावरतो आणि दर वेळी वजन तळव्याच्या वेगळ्या भागावर पडते. पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या प्लास्टिकच्या किंवा रंध्याने घोटलेल्या लाकडी दांडीवर मात्र वजन रोज त्याच दोन-तीन ठिकाणी येते. तिथली खरबरीत कातडी आधी सपाट होते, मग चकाकते, लाल होते, पुढे सोलते आणि खपली धरते. जंतुसंसर्ग आत उतरला की पाय सुजतो. शेवटच्या टप्प्यात हाडापर्यंत पू जातो. ‘बंबलफूट’ म्हणतात तो हाच विकार. लठ्ठपणा, केवळ बियांवर पोसल्यामुळे होणारी ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि विष्ठेने माखलेली दांडी या गोष्टी त्याला हातभार लावतात. म्हणून चकाकणारा तळवा दिसताच दांडी आणि आहार दोन्ही बदलावे लागतात. खपली दिसल्यावर घरगुती मलम लावत बसू नये, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

जाडी : फांदी कोणत्या झाडाची, हा प्रश्न लोक आधी विचारतात. खरे तर आधी विचारायला हवी ती जाडी. पक्षी बसल्यावर बोटांनी दांडीचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश घेर व्यापलेला असावा. पुढच्या आणि मागच्या बोटांची नखे एकमेकांना भिडत असतील तर दांडी बारीक आहे. बोटे पसरून नुसती वर टेकली असतील तर ती झोपण्यासाठी फार जाड आहे. पाळीव पोपटांच्या नेहमीच्या जातींसाठी सुरुवातीला अदमास म्हणून बजरीगरला १ ते १.५ सेंमी, लव्हबर्डला १.२ ते १.८, कॉकटीलला १.५ ते २.२, कोन्यूरला २ ते २.५, आफ्रिकन ग्रेला २.५ ते ४ आणि मोठ्या मकाऊला ४ ते ६ सेंमी व्यासाची दांडी धरावी. झाडावरच्या फांदीचा व्यास मोजणे अवघड जाते. अशा वेळी दोरा गुंडाळून घेर मोजावा आणि ३.१४ ने भागावे. ८ सेंमी घेराची फांदी सुमारे अडीच सेंमी जाड भरते. यातला एकच आकडा धरून सगळ्या दांड्या तेवढ्याच जाडीच्या लावल्या तर मूळ दोष तसाच राहतो. निदान तीन दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात. एकच वाकडीतिकडी, मध्येच जाड होणारी, गाठी असलेली फांदी मिळाली तर ती तीन सरळ दांड्यांपेक्षा बरी.

लाकूड : महाराष्ट्रात सहज मिळणाऱ्या लाकडांत पेरूची फांदी सर्वांत सोयीची. ती कठीण असते, तिला नैसर्गिक बेचके असतात आणि तिची पातळ साल पोपट आवडीने सोलतो. जांभूळ, चिंच, कडुनिंब, निलगिरी आणि सुरूही वापरतात. बाभूळ आणि बोर काटे मुळापासून काढून चालतात. शेवगा ठिसूळ असल्यामुळे वजन पेलत नाही, तो चघळायला देण्यापुरता ठीक. बांबू टिकतो, पण गुळगुळीत असतो आणि फाटला की धारदार कपच्या निघतात. तो वापरायचाच तर खरवडून घ्यावा आणि पेरापाशी कापावा, म्हणजे पोकळ टोकात झुरळे व मुंग्या घर करत नाहीत.

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, रुई, शेर, एरंड, धोतरा, घाणेरी आणि अव्होकाडो पिंजऱ्याजवळही आणू नयेत. कण्हेरीच्या सर्वच भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि पोपट दांडीवर नुसता बसत नाही, तो ती कुरतडतो. चाफ्याचा चीक दाहक असतो. आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच कुळातले. त्यांच्या चिकाने माणसाच्या कातडीवरही फोड येतात, तेव्हा पेरू मिळत असताना त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्यांना सफरचंद आणि विलोच्या फांद्या मिळू शकतात; तिथे यू, लॅबर्नम आणि ऱ्होडोडेंड्रॉन टाळायचे.

झाड निर्विष असले तरी त्यावरची फवारणी विषारी असू शकते. नाशिक-सांगलीकडे एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षवेलीच्या काड्या ढिगाने निघतात. लाकूड म्हणून वेल उत्तम आहे, पण व्यापारी बागेत बोर्डो मिश्रणापासून (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणाऱ्या कीटकनाशकांपर्यंत बरेच काही फवारलेले असते आणि आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही. डाळिंब आणि बागेतल्या पेरूलाही हेच लागू. परसातले, न फवारलेले, हमरस्त्यापासून दूरचे झाड निवडावे. रंगवलेले, वॉर्निश केलेले किंवा वाळवीविरोधी रसायनात भिजवलेले लाकूड, प्लायवूड आणि एमडीएफ बाद समजावेत.

तयारी व जोडणी : कापलेल्या फांदीची पाने काढून, कीड, बुरशी व डिंक पाहून, ताठ ब्रशने गरम पाण्यात घासावी. साल ठेवावी. निर्जंतुक करायची तर एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा द्रावणात १० मिनिटे बुडवून भरपूर पाण्याने धुवावी आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवावी. हे काम पक्ष्यापासून दूर, उघड्यावर करावे. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. ओल्या जाड फांदीला मात्र आधी सावलीत वाळू द्यावे. थेट उन्हात ती तडकते आणि त्या फटीत बोट किंवा नख अडकते.

पिंजऱ्याला एका बाजूने बसवायची दांडी २५ ते ३० सेंमीपेक्षा लांब ठेवू नये, नाहीतर वजनदार पक्ष्याखाली ती झुकते. टोक सरळ काटकोनात कापावे, मधोमध ५ मिमी ड्रिलने सुमारे ४ सेंमी खोल भोक पाडून त्यात ६ मिमीचा, एका बाजूला लाकडात रुतणारे आटे असलेला बोल्ट पिळावा. गजांच्या आत एक व बाहेर एक रुंद वॉशर आणि बाहेरून फुलपाखरी नट लावला की दांडी फिरत नाही. बोल्ट, नट, वॉशर स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. जस्ताचा मुलामा दिलेले सामान स्वस्त मिळते, पण पोपट तो मुलामा चोचीने खरवडून गिळतो आणि जस्ताची विषबाधा होते. दोन्ही टोकांना खाच करून गजांत अडकवायची दांडी लहान पक्ष्यांना पुरते. ती हलत नाही ना, हे हाताने दाबून पाहावे. बजरीगरची जोडी सतत फोल अंडी घालत असेल, तर नराला दोष देण्याआधी दांडी पाहावी. डुगडुगत्या दांडीवर मिलन नीट होत नाही.

इतर प्रकार : सुती दोराची दांडी पायाला मऊ असते आणि म्हाताऱ्या पक्ष्याला बरी वाटते. धोका सुटलेल्या धाग्यांचा आहे. धागा बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा थांबून बोट गमवावे लागते; गिळला तर अन्ननलिकेच्या पिशवीत गोळा होतो. आठवड्याला धागे कातरावेत आणि दोर कुरतडणाऱ्या पक्ष्याला ही दांडी देऊच नये.

वाळूकागदाच्या नळ्या नखे झिजवण्यासाठी म्हणून विकल्या जातात. नेहमीच्या जाडीच्या दांडीवर नखाचे टोक पृष्ठभागाला टेकतच नाही, त्यामुळे नखे तशीच राहतात आणि झिजतो तो तळवा. सिमेंटची खरबरीत दांडी उपयोगी पडते, पण एकच, नेहमीपेक्षा थोडी जाड, खाण्याच्या भांड्यापुढे. झोपण्याच्या जागी कधीही नाही. सांधेदुखीच्या, बोट तुटलेल्या किंवा नुकते उडू लागलेल्या पक्ष्याला सपाट फळी खालच्या बाजूस द्यावी.

जागा : पोपट झोपायला सर्वांत उंच जागा निवडतो. तिथे स्थिर, मऊ सालीची, योग्य जाडीची फांदी हवी, झोका नको. कॉकटील रात्री दचकून धडपडतात, त्यांच्या झोपण्याच्या दांडीभोवती खेळणी टांगू नयेत. शेपटी गजांना घासणार नाही आणि वळताना पंख अडणार नाही एवढे अंतर ठेवावे. दाण्या-पाण्याच्या भांड्यावर किंवा एकाखाली एक दांड्या लावल्या तर खाली विष्ठा पडते. पंख कापलेल्या पक्ष्याला दोन दांड्यांमध्ये शिडी लागते. दांड्यांची दाटीही नको: मधोमध मोकळी जागा राहिली तरच पक्षी पंख हलवतो.

देखभाल : आठवड्यातून एकदा दांड्या काढून घासाव्यात. कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच ओलसर लाकडावर बुरशी चढते, म्हणून दोन संच ठेवून एक पूर्ण वाळेपर्यंत दुसरा वापरणे सोयीचे. कुरतडून संपलेली फांदी हे पक्षी रमल्याचे लक्षण आहे; ती फेकून नवी लावावी.

कायदा : भारतीय पोपट (गळपट्टीचा पोपट, पहाडी पोपट वगैरे) पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘साइट्स’ (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी पोपटांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आफ्रिकन ग्रे त्या यादीच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. बजरीगर आणि कॉकटील यादीबाहेर आहेत.

नवी दांडी : आफ्रिकन ग्रेसारखे पक्षी अनोळखी वस्तूला बिचकतात. नवी फांदी दोन-चार दिवस पिंजऱ्याबाहेर, नजरेसमोर ठेवावी, मग आत खालच्या बाजूस लावावी आणि आवडीचा खाऊ तिच्यावर ठेवावा. पक्षी तिच्यावर आपणहून बसू लागला की ती वर सरकवावी आणि त्यानंतरच जुनी प्लास्टिकची दांडी काढावी.