कोतवाल बुकातले पणजोबा

नागपूर जिल्ह्यात पणजोबांच्या जन्म-मृत्यूची नोंद शोधायला निघालं की सगळे एकच सांगतात, आधी कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची वही, पाहा. आपल्याकडे बहुतेक घरांत दहन होतं. जिथे पुरतात, तिथेही नाव कोरलेला दगड क्वचितच दिसतो. मागे उरते ती फक्त नोंद.

1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. 1861 साली मध्य प्रांत झाला. पटकी आणि देवीच्या साथींनी कुठे किती माणसं दगावतात, हे सरकारला कळायला हवं होतं. खेड्यात ते काम कोतवालाकडे आलं. गावातले जन्म-मृत्यू वहीत चढवायचे आणि ठाण्यावर जाऊन कळवायचे.

हेतूच असा असल्यामुळे त्या ओळी फार तोकड्या आहेत. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बारसं व्हायच्या आत नोंद होई, म्हणून बाळाचं नाव बहुधा नसतंच. मृत्यूपुढे नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं. 1918 च्या इन्फ्लुएंझात दगावलेल्या कितीतरी माणसांचं आयुष्य त्या एका शब्दावर संपलं, हे वाचताना आजही गलबलून येतं.

हीच वही आज जात पडताळणीत मोलाची ठरते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांचा दाखल-खारीज उतारा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला उतारा, आणायचा कुठून? मग नातवंडं तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करतात. जुनी पानं मोडी लिपीत असली की वाचणारा शोधा, लिप्यंतर करून घ्या.

शहराचं दप्तर वेगळं. इथे नगरपालिका 1864 ची, महानगरपालिका 1951 ची. देशभर एकसारखी सक्तीची नोंदणी मात्र 1969 च्या कायद्यानंतरच आली.

शोधताना बायकांचा माग लवकर हरवतो, कारण त्या ‘अमक्याची बायको’ म्हणूनच लिहिल्या गेल्या. आणि पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे पणजोबांचा जन्म त्यांच्या गावच्या बुकात सापडत नसेल, तर त्यांच्या आईचं माहेर कुठलं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि त्या गावचं बुक मागा.