रिव्हर्सही नाही, तिसराही नाही

पुण्याच्या ट्रॅफिकला वैतागून ऑटोमॅटिक गाडी घेणारे वाढले आणि त्यांच्याबरोबर एक समजही वाढला: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे बंद पेटी, आत सगळा कॉम्प्युटर, बिघडली की अख्खी असेंब्लीच बदलायची. परवा ओळखीतल्या एकांना गॅरेजमध्ये हेच ऐकवण्यात आलं, तेही खालचं चेंबर न उघडता. मला हे मनापासून खटकतं. अमेरिकेत जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1939 साली आणला, तेव्हा ट्रान्झिस्टरचा शोधही लागला नव्हता. तो 1947 चा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने पुढची कित्येक दशकं फक्त ऑइलच्या प्रेशरवर काढली, आणि आजही त्याच्या पोटात गिअर धरून ठेवायचं काम ऑइलच करतं.

(आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आणि बऱ्याच नव्या ट्रकमध्ये असतो तो एएमटी. तो नेहमीचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि लिव्हर यंत्र हलवतं. इथे विषय टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून पुढे देणाऱ्या गिअरबॉक्सचा आहे.)

माझा भाचा ओहायोत असतो. त्याने एक जुना डॉज पिकअप ट्रक घेतला आणि त्याचा टॉर्कफ्लाइट 727 हा गिअरबॉक्स घरीच खोलून, नव्या क्लच प्लेट्स आणि सील घालून पुन्हा बसवला. हा 1962 पासूनचा, तीन गिअरचा, अतिशय दणकट गिअरबॉक्स. पहिला आणि दुसरा गिअर छान पडले. तिसरा पडायच्या वेळी इंजिन नुसतंच रेस होई, आणि रिव्हर्स टाकला तर ट्रक जागचा हलत नसे. फोनवर म्हणाला, “मामा, पंप गेला बहुतेक. पुन्हा सगळं उतरवू का?”

ऑइलला प्रेशर देणारा पंपच गेला असता तर पहिला-दुसराही मिळाला नसता. मी त्याला आधी ऑइल बघायला सांगितलं: इंजिन चालू, ऑइल गरम, लिव्हर न्यूट्रलला. या गिअरबॉक्समध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे ऑइल जात नाही, म्हणून पार्कमध्ये घेतलेलं माप फसवं. पातळी बरोबर निघाली.

आता आतली रचना. सिम्पसन गिअरसेट नावाच्या जोडणीत दोन प्लॅनेटरी संच (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात ते) एकाच मधल्या, म्हणजे सन गिअरवर बसवलेले असतात. दाते कायम एकमेकांत अडकलेलेच. गिअर बदलतो तो कुठला भाग धरला आणि कुठला फिरवला यावर. धरायला-फिरवायला दोन क्लच, दोन बँड (ड्रमभोवती आवळणारे पट्टे) आणि एकाच दिशेला फिरू देणारा एक वन-वे क्लच. मागचा क्लच पुढे जाणाऱ्या तिन्ही गिअरना लागतो. दुसऱ्याला त्याच्या जोडीला पुढचा बँड, तिसऱ्याला पुढचा क्लच. रिव्हर्सला पुढचा क्लच आणि मागचा बँड. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही नाहीत, तर दोघांना सामाईक काय? पुढचा क्लच. मागचा बँड निर्दोष आहे याची खात्रीही चालवूनच होते. लिव्हर 1 वर ठेवून थोडा वेग घ्यायचा आणि ॲक्सिलरेटर सोडायचा. इंजिनने गाडी रोखली तर बँड धरतोय. त्याच्या ट्रकला इंजिनने रोखलं. एकही बोल्ट न काढता आपण एका क्लचपर्यंत पोहोचलो!

सगळ्या गिअरबॉक्समध्ये हा क्लच मला सर्वांत जास्त आवडतो, म्हणून थोडा हिशेब करतो. ड्रममध्ये कड्याच्या आकाराचा पिस्टन असतो, ऑइलच्या जोराने तो प्लेट्स एकमेकींवर दाबतो. सोयीचे आकडे घेऊ: बाहेरचा व्यास 14 सेंटीमीटर, आतला 10. क्षेत्रफळ सुमारे 75 चौरस सेंटीमीटर. शाळेतला पास्कलचा नियम लावा. दर चौरस सेंटीमीटरला 10 किलो प्रेशर असेल तर प्लेट्सवर साडेसातशे किलोचा दाब येतो. घर्षणाच्या पाच प्लेट्स म्हणजे दहा पृष्ठभाग, ऑइलमधला घर्षणांक 0.12 आणि सरासरी त्रिज्या 6 सेंटीमीटर धरली, तर हा क्लच सुमारे 540 न्यूटन-मीटर टॉर्क पेलतो. प्रेशर निम्मं झालं की 270, आणि त्यातून परत खेचणाऱ्या स्प्रिंगांचा जोर वजा. म्हणजे कुठून तरी ऑइल गळलं की क्लच घसरणार, आणि घसरला की प्लेट्स जळणार.

ऑइल अडवतं कोण? पिस्टनच्या कडेला असलेला रबरी लिप सील. त्याचा ओठ प्रेशरच्या बाजूला तोंड करून बसतो. जितकं प्रेशर जास्त, तितका तो भिंतीला घट्ट चिकटतो.

इथे आणखी एक सुंदर गोष्ट आहे. क्लच सुटला तरी ड्रम फिरत राहू शकतो, आणि आत उरलेलं ऑइल वॉशिंग मशीनमधल्या कपड्यांसारखं बाहेरच्या कडेला जाऊन दाबतं. ड्रम मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल तर वरच्या मापांच्या पिस्टनवर जवळपास 38 किलोचा नको असलेला जोर येतो, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. उपाय म्हणून एका भोकात छोटीशी पोलादी गोळी ठेवतात. प्रेशर आलं की ती भोक बंद करते; प्रेशर गेलं की फिरण्याच्या जोराने ती बाजूला सरकते आणि ऑइल निसटतं. पुसायच्या फडक्याचा एक धागा त्या गोळीखाली अडकला तरी क्लच गळतो.

म्हणून संशयित तीन: ओठ, गोळी, आणि ड्रमपर्यंत ऑइल नेणाऱ्या शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा. खालचं चेंबर आणि ऑइल कुठे पाठवायचं ते ठरवणारी व्हॉल्व्ह बॉडी उतरवली की प्रत्येक क्लचचं भोक समोर दिसतं. त्यात कॉम्प्रेसरची हवा द्यायची. पिस्टन सरकल्याचा ‘धप्’ असा बसका आवाज यायला हवा. भाच्याने फोन जवळ धरला. मागच्या क्लचला स्वच्छ धप्. पुढच्याला नुसती फुसफुस.

घसरणाऱ्या गिअरबॉक्सवर बाटलीतलं ‘चमत्कारी’ ॲडिटिव्ह ओतायचा सल्ला हमखास मिळतो. ते रबर थोडं फुगवू शकतं. दुमडलेला ओठ सरळ करू शकत नाही. बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची जे करतं तेवढंच ते इथे करेल, आणि दरम्यान प्लेट्स जळत राहतील.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, पण आता कुठे बघायचं हे पक्कं होतं. पिस्टन काढला तर बाहेरच्या सीलचा ओठ बोटाच्या पेराएवढा उलटा दुमडलेला. बसवताना असं होऊ नये म्हणून सीलला भरपूर ऑइल किंवा व्हॅसलिन लावायचं. ग्रीस नाही, ते ऑइलमध्ये विरघळत नाही आणि बारीक वाटा तुंबवतं. मग पातळ फीलर गेजने (फट मोजायच्या पत्र्याच्या पट्टीने) ओठ कडेकडेने आत घालत पिस्टन हाताने फिरवत उतरवायचा. नव्या प्लेट्स आधी ऑइलमध्ये भिजवायच्या. ड्रम जोडल्यावर, गिअरबॉक्स बंद करण्याआधीच, पुन्हा हवा द्यायची आणि धप् ऐकायचा. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसल्याशिवाय गिअरबॉक्स इंजिनला आवळायचा नाही, नाहीतर पंप खरोखरच फुटतो. जळलेल्या प्लेट्सचा काळा चुरा कूलरच्या नळ्यांत जाऊन बसलेला असतो. भाच्याने त्या धुऊन काढल्या, नवं ऑइल भरलं आणि सगळ्यात आधी रिव्हर्स टाकून पाहिला. ट्रक मागे आला.