जुनं नेटवर्क पवनचक्कीत बसवलं, म्हणून पेटंट?

पवनऊर्जा प्रकल्पात विजेची केबल ज्या चरातून जाते, त्याच चरात बहुतेक वेळा ऑप्टिकल फायबरही टाकलेली असते. एका पवनचक्कीच्या बुडातून ती दुसरीकडे जाते, तिथून तिसरीकडे आणि शेवटी फिरून उपकेंद्रात परत येते. मनोऱ्याच्या तळाशी एक स्विच असतो, म्हणजे नेटवर्कमधले संदेश पुढे पाठवणारं उपकरण. वाऱ्याचा वेग, पात्यांचा कोन, गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान ही माहिती त्यातून उपकेंद्रातल्या संगणकाकडे जाते आणि उत्पादन कमी-जास्त करण्याचे आदेश उलट येतात. फायबरचं असं कडं करायचं कारण साधं आहे. खोदकामात जेसीबीने ती एका जागी तोडली, तरी माहिती दुसऱ्या बाजूने फिरून पोचते.

कड्यात एक धोका मात्र असतो. काही संदेश सगळ्यांसाठी असतात आणि स्विच ते प्रत्येक वाटेने पुढे ढकलतो. इथरनेटमध्ये, म्हणजे हे स्विच ज्या रूढ नेटवर्क-पद्धतीने बोलतात तिच्यात, संदेशाला 'आता थांब' असं सांगणारी काही सोय नाही, त्यामुळे असा संदेश कड्यात फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. यावरचा उपाय अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये मांडला. स्विच आपापसात बोलून कड्याचा एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात आणि दुसरीकडे तार तुटली की तो उघडतात. मूळ पद्धतीत या बदलाला अर्धा-पाऊण मिनिट लागायचं. 2001 मध्ये आलेल्या सुधारित मानकाने तो वेळ काही सेकंदांवर किंवा त्याहूनही खाली आणला. कॉलेजांच्या नेटवर्कपासून कारखान्यांपर्यंत ही पद्धत आज सर्रास वापरात आहे.

आता असा एक पेटंट अर्ज डोळ्यांसमोर आणा: 'अनेक पवनचक्क्या, प्रत्येकीत एक स्विच, स्विच कड्यात जोडलेले, एक दुवा राखीव, बिघाड झाल्यास राखीव दुवा सुरू.' असा अर्ज आला तर तपासायचा कसा? माझी पहिली कसोटी सोपी आहे. अर्जात जिथे जिथे 'पवनचक्की' लिहिलंय, तिथे 'छपाईयंत्र' लिहून बघावं. वाक्य तसंच्या तसं चालत असेल, तर अर्जदाराने वाऱ्याबद्दल काहीच शोधलेलं नाही. त्याने फक्त पत्ता बदलला आहे.

यावर अर्जदाराचं उत्तर ठरलेलं असतं: पवनचक्कीची परिस्थिती वेगळी आहे. उंच मनोरा, विजांचा मारा, सतत कंप, दूरची जागा. हे सगळं खरं आहे, पण यातलं नेटवर्क अभियंत्याला नवं काय आहे? फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून विजेच्या लोळांपासून जपायच्या ठिकाणी ती वापरतात, हे त्याला आधीच ठाऊक असतं. वेगाचंही तसंच. समजा दोन पवनचक्क्यांमध्ये 500 मीटर अंतर आहे आणि वारा सेकंदाला 10 मीटर वेगाने वाहतोय. पुढच्या चक्कीने घुसळलेली हवा मागच्या चक्कीपर्यंत यायला साधारण 50 सेकंद लागतात, तर संदेश काही मिलिसेकंदांत पोचतो. म्हणजे मागच्या चक्कीला वेळेत कळवण्यासाठी साधं नेटवर्कही पुरून उरतं. ग्रिडमधल्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातल्या, बिघाडाला मात्र काही मिलिसेकंदांत तोंड द्यावं लागतं, पण ते काम चक्कीतला नियंत्रक जागच्या जागी करतो, नेटवर्कची वाट बघत नाही.

24 फेब्रुवारी 2022 ला हे सगळ्यांना दिसलं. रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं त्याच सकाळी केए-सॅट उपग्रहाच्या इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला आणि एनरकॉन कंपनीच्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. तरी चक्क्या स्वतःच्या नियंत्रणावर फिरत राहिल्या आणि वीज देत राहिल्या.

कायदाही याच दिशेने बोलतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात गाडीच्या पुढे-मागे सरकणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा पेटंट-दावा एकमताने फेटाळला. माहीत असलेले भाग आपापलं नेहमीचंच काम करत असतील आणि परिणामही अपेक्षित तोच असेल, तर तो शोध नव्हे, असा त्या निकालाचा गाभा. आपल्याकडे हेच त्याच्या कितीतरी आधी, 1978 मध्ये सांगितलं गेलं, तेही भांड्यांच्या निमित्ताने. लेथवर भांडं धरून ठेवण्याच्या एका साधनाचं पेटंट वादात होतं. जुन्याच साधनातली सुधारणा कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेहून काही अधिक असली पाहिजे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3(ड) माहीत असलेल्या प्रक्रियेचा किंवा यंत्राचा निव्वळ वापर शोधात धरत नाही, आणि 3(फ) स्वतंत्रपणे आपापलं काम करणाऱ्या जुन्या उपकरणांची नुसती मांडणी धरत नाही. कड्यातले स्विच पवनचक्कीत बसवणं या दोन्ही कलमांच्या तावडीत येतं, असं मला वाटतं.

मग पवनक्षेत्रात नेटवर्क असलेल्या कुठल्याच गोष्टीला पेटंट नको का? तसंही नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात सहा पवनचक्क्यांवर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेला प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या चक्क्या वाऱ्याला अगदी समोरासमोर न ठेवता त्यांनी थोड्या तिरक्या वळवल्या. त्या चक्क्यांची स्वतःची वीज जराशी घटली, पण त्यांच्यामागची मंदावलेली, घुसळलेली हवा बाजूला सरकली आणि मागच्या चक्क्यांना ताजा वारा मिळाला. ठरावीक दिशेच्या वाऱ्यात, तिथल्या सरासरी वेगाला एकूण उत्पादन 7 ते 13 टक्क्यांनी वाढलं. मंद वाऱ्यात तर 28 ते 47 टक्क्यांनी. कुठली चक्की किती वळवायची हे ठरवण्यासाठी हवेचं वागणं समजावं लागतं. इथे 'पवनचक्की'च्या जागी 'छपाईयंत्र' घालून बघा, अर्थच उरत नाही. यात नेटवर्क नुसतं निरोप्या आहे. असंच फिरत्या हबमध्ये, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या भागात, सिग्नल नेणाऱ्या स्लिप रिंगचं: घासून झिजणाऱ्या संपर्कातून येणाऱ्या खरखरीवर कुणी नवा तोडगा काढला, तर तो अर्ज मी उत्सुकतेने वाचेन.

हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही, कारण पेटंट म्हणजे 20 वर्षांची मक्तेदारी. 1996 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने बदलत्या वेगाच्या पवनचक्कीवरच्या एका पेटंटच्या आधारे याच एनरकॉनच्या चक्क्यांच्या आयातीवर बंदी घातली होती. एक पेटंट एखाद्या उत्पादकाला अख्ख्या देशाच्या बाजारातून बाहेर ठेवू शकतं. असं हत्यार ज्याने खरोखर काही शोधलंय त्याच्याच हाती असावं. नाहीतर उपकेंद्रात स्विच बसवणाऱ्या साताऱ्याच्या किंवा धुळ्याच्या छोट्या कंत्राटदारालाही उद्या नोटीस येऊ शकते.

भारतात यावर एक चांगली सोय आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि पेटंट मिळण्याआधी, कलम 25(1) खाली कुणीही लेखी हरकत घेऊ शकतं. त्यासाठी स्पर्धक कंपनीच असावं लागत नाही. मुंबईच्या पेटंट कार्यालयात आलेला असा अर्ज एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या नेटवर्क शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही अडवता येईल. सोबत जोडायचे कागद त्यांच्या कपाटातच सापडतील: इथरनेटचं जुनं पाठ्यपुस्तक, राखीव दुव्याच्या पद्धतीचं मानक आणि पवनऊर्जा प्रकल्पांतल्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी 2006 पासून प्रसिद्ध होत आलेलं आयईसी 61400-25 हे आंतरराष्ट्रीय मानक. अर्जाची तारीख यांच्यानंतरची असेल, तर नवं काय आहे ते दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची.